विशाखा कोण होती?



तहसील कचेरीत, बँकेत, एखाद्या कॉलेजात भिंतीवर एक पाटी तुम्ही पाहिली असेल. 'विशाखा समिती'. खाली तीन-चार नावं आणि फोन नंबर. गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं की ही विशाखा कोण, तर बहुतेक जणी म्हणतात, असेल कुणीतरी बिचारी, तिच्यावर अन्याय झाला असेल. विशाखा हे कुणा बाईचं नाव नाही. ती जयपूरमधली बायकांसाठी काम करणारी एक संस्था. पण त्या नावामागे एक बाई नक्की आहे. ती आपल्यासारखीच खेड्यातली, शेतात राबणारी, थोड्याशा मानधनावर सरकारी योजनेचं काम करणारी. तिचं नाव भंवरीदेवी. आज आपण तिची गोष्ट ऐकू, आणि त्या गोष्टीतून देशाचा कायदा कसा उभा राहिला तेही पाहू.

राजस्थानात जयपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर भटेरी नावाचं गाव आहे. भंवरीदेवी तिथल्या कुंभार समाजाच्या. १९८४ साली राजस्थान सरकारने महिला विकास कार्यक्रम सुरू केला आणि गावोगावच्या बायकांना 'साथिन' म्हणून नेमलं. साथिन म्हणजे सोबतीण. पाणी, रेशन, शिक्षण, मजुरी, बायकांचं आरोग्य अशा प्रश्नांवर तिने गावात बोलायचं, बायकांना एकत्र करायचं. आज आपल्याकडे आशाताई आणि अंगणवाडीताई जे करतात, त्याच्याशी मिळतंजुळतं हे काम. भंवरीदेवी १९८५ पासून साथिन होत्या.

१९९२ साली अक्षय्य तृतीयेच्या आधी सरकारने बालविवाह रोखण्याची मोहीम काढली. राजस्थानात या मुहूर्तावर लहान लहान लेकरांची लग्नं लावायची रीत होती. भटेरीतल्या एका वजनदार घरात पाळण्यातल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. भंवरीदेवी समजवायला गेल्या. घरच्यांनी ऐकलं नाही. पोलीस आले, त्या वेळेपुरतं लग्न थांबलं, आणि पोलिसांची पाठ फिरल्यावर लागलंच. म्हणजे लग्न थांबलं नाही, पण राग मात्र भंवरीदेवींवर निघाला. गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्यांची मडकी कुणी घेईना, त्यांना कुणी दूध देईना.

२२ सप्टेंबर १९९२ रोजी त्या आणि त्यांचे पती शेतात काम करत होते. पाच जण आले. त्यांनी नवऱ्याला मारहाण केली आणि भंवरीदेवींवर अत्याचार केला.

मैत्रिणींनो, पुढचं ऐकताना त्रास होतो, पण ऐकायला हवं. तक्रार नोंदवून घ्यायला टाळाटाळ झाली. वैद्यकीय तपासणी व्हायला दोन दिवसांहून जास्त वेळ गेला. पुरावा म्हणून अंगावरचा घागरा ठाण्यातच ठेवून जा, असं त्यांना सांगितलं गेलं. नवऱ्याचा फेटा अंगाला गुंडाळून त्या रात्री त्या बाहेर पडल्या. तरीही त्यांनी तक्रार मागे घेतली नाही.

१५ नोव्हेंबर १९९५ रोजी जयपूरच्या सत्र न्यायालयाचा निकाल आला. बलात्काराच्या आरोपातून पाचही जण सुटले, किरकोळ गुन्ह्यांची शिक्षा तेवढी झाली. निकालामागचा तर्क असा होता की वरच्या जातीची, वयाने मोठी माणसं खालच्या जातीच्या बाईला हात लावणार नाहीत, आणि काका-पुतण्या मिळून असलं काही करणार नाहीत. एरवी जी जात बाईला पाणवठ्यावर अडवते, तीच जात इथे आरोपींची साक्षीदार म्हणून उभी राहिली. निकालाविरुद्ध देशभर मोर्चे निघाले. अपील झालं आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं. आरोपींपैकी काही जण त्याचा निकाल लागण्याआधीच वारले.

मग कायदा कुठून आला? भंवरीदेवींचा खटला चालू असतानाच बायकांच्या संघटनांनी वेगळा प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. ही बाई सरकारने दिलेलं काम करत होती. त्या कामामुळेच तिच्यावर सूड उगवला गेला. तिच्या रक्षणाची जबाबदारी काम देणाऱ्यावर होती की नाही? बाई मजुरीला जाते, शाळेत शिकवते, दवाखान्यात नोकरी करते. तिथे तिची अब्रू आणि जीव सांभाळायचा कोणी? तेव्हा देशात याबद्दल वेगळा कायदाच नव्हता. विशाखा आणि आणखी काही संस्था १९९२ मध्येच हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

१३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांनी तो दिला. सुजाता मनोहर म्हणजे मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश. न्यायालयाने काय म्हटलं ते आम्ही साध्या भाषेत सांगतो. राज्यघटना म्हणते, सगळे समान आहेत, बाई म्हणून भेदभाव करता येणार नाही, कुणालाही कामधंदा करायचा हक्क आहे आणि मानाने जगायचा हक्क आहे. कामावर बाईचा लैंगिक छळ झाला तर हे सगळे हक्क एकदम मोडतात. आणि कायदा केलेला नाही, एवढ्यावरून हक्क नाहीसा होत नाही.

न्यायालयाने आणखी एक आधार घेतला. बायकांवरचा भेदभाव संपवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९७९ साली एक करार केला होता. भारताने त्यावर १९८० मध्ये सही केली आणि १९९३ मध्ये तो रीतसर मान्य केला. न्यायालय म्हणालं, जगासमोर शब्द दिलाय ना, तो आपल्या घटनेशी जुळतोही आहे, मग कायदा होईपर्यंत आम्ही नियम घालून देतो. प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी, तिची प्रमुख बाईच हवी, निम्म्याहून कमी बायका चालणार नाहीत, बाहेरच्या संस्थेची व्यक्ती हवी. हेच विशाखा नियम, आणि तेव्हापासून 'विशाखा समिती' हे नाव पडलं.

बाई कोर्टात हरली आणि कायदा मात्र बदलला, असं आपल्या महाराष्ट्रातही आधी घडलेलं आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तेव्हा देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होतं. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवलं, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. मुलीने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमतीच होती, असा अर्थ लावला गेला. १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला कडक शिक्षा आली आणि पीडितेचं नाव छापायला बंदी झाली. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही. तिच्यानंतरच्या मुलींना थोडा आधार मिळाला.

विशाखा नियमही आले, पण बऱ्याच ठिकाणी ते फायलीतच राहिले. समित्या बनेनात. बनल्या तर बाईला त्यांची नावं माहीत नसायची. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून हे कळवलं. ते पत्रच याचिका म्हणून दाखल झालं. १९ ऑक्टोबर २०१२ च्या निकालात न्यायालयाने राज्यांना बजावलं, नियम शब्दांत नको, अमलात हवेत. त्याच डिसेंबरमध्ये दिल्लीत एका मुलीवर भयंकर अत्याचार झाला आणि देश हादरला. सरकारने कायदे सुधारण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष तेच न्यायमूर्ती वर्मा. आणि २०१३ साली संसदेने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्यावर राष्ट्रपतींची सही झाली २२ एप्रिलला. वर्मा यांचं निधन झालं तेही त्याच दिवशी. ९ डिसेंबर २०१३ पासून कायदा लागू झाला. निकालापासून कायद्यापर्यंत सोळा वर्षं गेली.

आता आपल्या कामाचं बोलू. हा कायदा ऑफिसातल्या बायकांचा, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नाही. रोजंदारीची मजूर, हंगामी कामगार, घरकाम करणारी, मानधनावर किंवा बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करणारी, सगळ्या त्यात येतात. शेत, वीटभट्टी, दुसऱ्याचं घर, कामासाठी जावं लागतं ती जागा, मालकाने पाठवलेली गाडी, हे सगळं कामाचं ठिकाण. म्हणजे मुकादमाने पाठवलेल्या टेंपोत कुणी अंगचटीला आलं, तरी ते कामाच्या ठिकाणीच घडलं.

जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात, तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जिथे दहाहून कमी माणसं आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिच्या अध्यक्ष महिलाच असतात. तालुक्यात काम करणाऱ्या बायकांपैकी एक जण सदस्य असते. प्रत्येक तालुक्यात तक्रार घेणारा एक समन्वय अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने सात दिवसांत तक्रार समितीकडे पोचवायची असते.

तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला समितीने मदत करायची असते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. बाईचं नाव गुप्त ठेवायचं असतं. 'मिटवून घे' असा दबाव समितीने आणायचा नाही. समझोता बाईने स्वतः मागितला तरच, आणि तोही पैसे घेऊन नाही. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. पोलिसांत जायचा हक्क वेगळा आहेच. आणि वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे बाईला मोफत मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो.

कागदावर हे सगळं चांगलं आहे. पण शेवटच्या बाईपर्यंत ते पोचतं का? गोवा विद्यापीठातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. चौकशी घाईत झाली म्हणून २०२३ मध्ये न्यायालयाने ती पुन्हा करायला सांगितली, कारण चौकशी दोन्ही बाजूंना न्याय देणारी हवी. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की दहा वर्षं झाली तरी कायद्याच्या अंमलबजावणीत मोठ्या त्रुटी आहेत. ३ डिसेंबर २०२४ ला न्यायालयाला पुन्हा तारखा घालून द्याव्या लागल्या. प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमा, स्थानिक समिती नेमा, तालुक्याला समन्वय अधिकारी नेमा. कायद्यात २०१३ पासून जे लिहिलं होतं, तेच पुन्हा सांगावं लागलं.

आम्हाला यातून एक गोष्ट दिसते. मानवी हक्क हा शब्द ऐकला की तो लांबच्या, मोठ्या लोकांचा वाटतो. पण हा हक्क न्यायालयाने स्वतःहून दिला नाही, संसदेनेही आपणहून दिला नाही. भटेरीच्या एका बाईने तक्रार मागे घेतली नाही, दुसऱ्या बायकांनी तिचा प्रश्न आपला मानला, कुणी याचिका केली, कुणी पत्र लिहिलं. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारलं, म्हणून कायदा एक पाऊल पुढे आला. पुढचं पाऊल तालुक्यापासून आपल्या गावापर्यंतचं आहे. ते विचारणं आपल्याकडे आलं आहे.

म्हणून या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तीन कामं घ्या. एक, तहसील कचेरीला किंवा महिला व बालविकास कार्यालयाला गटाच्या नावाने अर्ज द्या: आमच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीत कोण कोण आहे आणि आमच्या तालुक्यात तक्रार कोण घेतं? अर्जाची पोच घ्या. दोन, ती नावं आणि नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचा ठराव महिला ग्रामसभेत मांडा. तीन, गावातली जी बाई एकटीने काम करते, आशाताई असो, पोषण आहार शिजवणारी असो की ऊसतोडीला जाणारी, तिला सांगा की काही झालं तर आम्ही तुझ्यासोबत येऊ. एकटीने ठाण्यात किंवा कचेरीत जायची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका.

अर्जाचं उत्तर आलं की आम्हाला कळवा, नाही आलं तरी कळवा. पुढच्या भागात आपण ती उत्तरं ऐकू.