‘गुमनाम’चा दिग्दर्शक कोण?

गेल्या कोजागिरीला आपल्या गच्चीवर पडदा बांधून ‘गुमनाम’ दाखवला, तेव्हा दुधाचे पेले रिकामे व्हायच्या आधीच पैजा लागल्या होत्या. खुनी कोण? ज्येष्ठांचं एकमत प्राणवर! बी विंगमधल्या एका काकांनी तर मध्यंतराआधीच खरं नाव फोडलं. (इथे छापत नाही, मुलांनी अजून पाहायचाय.) दुसऱ्या दिवशी नातीने दिग्दर्शकाचं नाव विचारलं आणि मी बेधडक विजय आनंद म्हणून ठोकून दिलं. “आबा, राजा नवाथे लिहिलंय,” ती म्हणाली. लाज वाटली.

राज कपूर यांच्या आर. के. फिल्म्सचा ‘आह’ (1953) नवाथ्यांनीच दिग्दर्शित केला होता. भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांची जुगलबंदी आपण आजही ऐकतो, तो ‘बसंत बहार’ (1956) सुद्धा त्यांचाच. आणि 1965 साली हा ‘गुमनाम’.

मूळ कल्पना अगाथा ख्रिस्तीबाईंच्या 1939 च्या कादंबरीतली. बेटावर दहा माणसं, प्रत्येकाच्या नावावर कायद्याच्या हाती न लागलेलं पाप, आणि एकेक करून सगळे मरतात. 1943 साली नाटक करताना बाईंनी स्वतःच शेवट बदलून दोघांना जगवलं. रेने क्लेअर यांच्या 1945 च्या चित्रपटातही तोच शेवट राहिला. आपल्याकडे तो सोयीचाच, कारण मनोज कुमार आणि नंदा यांना मारून थिएटर कोण भरणार?

पण नवाथ्यांची खरी गंमत पात्रनिवडीत आहे. कादंबरीतली माणसं वाचकाला अनोळखी असतात. इथे प्राण, मदन पुरी, मनमोहन समोर आले की प्रेक्षकाचा संशय आधीच तयार! शिवाय हेलन, धुमाळ, तरुण बोस, आणि बंगल्यात खानसामा मेहमूद. प्रत्येक जण थोडा जास्तच विचित्र वागतो. आपले ज्येष्ठ फसले ते काही उगाच नाही.

सुरुवातीचं लक्ष्मी छायाचं क्लबमधलं नृत्य 2001 साली ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाच्या आरंभी झळकलं आणि तिकडची पोरं त्यावर नाचू लागली. नाच सातासमुद्रापार गेला, दिग्दर्शक मात्र आपल्या गच्चीवरही गुमनाम!

पुढच्या कोजागिरीला नातीने ‘पत्थर के सनम’ सुचवलाय. तोही नवाथ्यांचाच, 1967 चा. त्यात खुनी शोधायचा नाही, त्यामुळे काकांनाही बोलावणं आहे.