रबर ‘मेले’ कधी म्हणायचे?

टेबल टेनिसच्या बॅटचे लाकूड वर्षानुवर्षे टिकते, पण रोज खेळणाऱ्याच्या हातात रबर काही महिन्यांतच ‘मरते’. ते कधी बदलायचे हा प्रश्न मात्र खेळाइतका जुना नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाकडावर दाणेदार रबराचा पातळ थर चिकटवून खेळत. व्हिक्टर बार्ना यांनी एकेरीची पाच जागतिक विजेतेपदे अशाच बॅटने मिळवली. दाणे तेव्हाही झिजत, तुटत. पण वेग मुख्यतः लाकडाचा आणि फिरकी बेताचीच, त्यामुळे दाणे थोडे बोथट झाले म्हणून खेळाडूचा खेळ बदलत नसे. पुढे रबराचे आयुष्य घटले ते माल हलका झाला म्हणून नव्हे. खेळाडूंनी टिकाऊपणा मोजून वेग आणि फिरकी विकत घेतली, म्हणून ते घटले.

या सौद्याला सुरुवात झाली ती मुंबईत. 1952 च्या जागतिक स्पर्धेत जपानचे हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरले आणि अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियान यांना हरवून विजेते ठरले. चेंडू बॅटला लागल्याचा आवाजच येईना, तेव्हा त्याचा वेग कानाने ओळखणारे प्रतिस्पर्धी गोंधळून गेले. पुढची सात वर्षे वादात गेली. 1959 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नुसत्या स्पंजला मनाई केली आणि स्पंजवर रबर चढवलेल्या जोडथराला जास्तीत जास्त 4 मिलिमीटरची मर्यादा घालून मान्यता दिली. दाणे आत आणि गुळगुळीत बाजू बाहेर अशी रचना रुळली, तसा चेंडू पकडण्याचा सगळा भार वरच्या पातळ पापुद्र्यावर आला. हवेतला प्राणवायू, ऊन, घाम आणि धूळ यांनी हाच पापुद्रा आधी कडक होतो. बॅट ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की झीज दिसते: मुठीजवळचा भाग नव्यासारखा, मध्यभागी मात्र वेगळ्याच छटेचा डाग. चेंडू दाबून दोन्हीकडे फिरवून पाहावा. कडेला तो अडतो, मध्यावर सटकतो. हा फरक बोटांना कळू लागला की रबराचे दिवस भरले. कॅलेंडर बघायची गरज नाही.

यावर हमखास आक्षेप येतो की हा सगळा कंपन्यांचा खेळ आहे. दर इतक्या महिन्यांनी रबर बदला, या सल्ल्यामागे विक्री नाही असे कोण म्हणेल? पण 1967 चे ‘स्रायव्हर’ आणि 1969 चे ‘मार्क फाइव्ह’ ही रबरे त्याच कंपन्यांनी दशकानुदशके विकली. अधिक घाई होती ती खेळाडूंना. सत्तरच्या दशकात टिबोर क्लांपार, द्रागुतिन शुर्बेक यांच्यासारख्यांनी सायकलचे पंक्चर काढण्याच्या जातीचे सोल्युशन सामन्याआधी स्पंजला लावायला सुरुवात केली. स्पंज फुगे, वरचे रबर ताणले जाई, चेंडू सुसाट सुटे. काही तासांत परिणाम उतरला की पुन्हा तेच. रोज ताणले जाणारे रबर लवकर थकणारच, आणि खेळाडूंना ते मान्य होते. द्रावकांच्या विषारी वाफांमुळे 2008 मध्ये यावर बंदी आली. तोवर कंपन्यांनी तोच ताण कारखान्यातच रबरात भरायला सुरुवात केली होती. खेळाडू हाताने करत होते तेच त्यांनी तयार स्वरूपात विकले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: झीज म्हणजे नेहमीच नुकसान का? नियम स्वतःच इथे सैल आहेत. वापराने किंवा अपघाताने पृष्ठभागात पडलेला किरकोळ फरक चालतो, मात्र रबराचे गुणधर्म लक्षणीय बदलता कामा नयेत. लांब दाण्यांच्या रबराने बचाव करणाऱ्यांनी तर झीज मुद्दाम घडवून आणली. रबर उन्हात ठेवून किंवा तापवून ते दाण्यांची पकड घालवत, म्हणजे समोरच्याची फिरकी उलटून त्याच्याच अंगावर जाई. अखेर महासंघाने घर्षणाची किमान पातळी ठरवली, तीही 2008 मध्येच. तेव्हा रबर मेले की नाही हे वयावरून ठरत नाही. त्याच्याकडून कोणते काम हवे आहे, त्यावर ठरते. टॉपस्पिन मारणाऱ्याला जे रबर फेकावेसे वाटते, त्याच अवस्थेतले लांब दाण्यांचे रबर बचाव करणारा जपून ठेवतो. त्याच्या रबराचा शेवट वेगळ्या जागी होतो: दाणे बुडाशी चिरतात, मध्यभागी एकदोन गळून पडतात, आणि सामन्याआधी बॅट तपासणाऱ्या पंचाचे बोट नेमके त्या रिकाम्या जागी थांबते.