परिचारिका आणि निदानाचा अधिकार

रात्रीं मूल तापानें फणफणूं लागलें म्हणजे आईला पहिला प्रश्न पडतो तो डॉक्टर कोठें मिळेल हा. शहरांतल्या रहिवाशाला या प्रश्नाचें उत्तर दोन गल्ल्यांपलीकडे सांपडतें. परंतु ज्या टापूंत कोसच्या कोस डॉक्टरच नाहीं, तेथील आईनें काय करावें? या साध्या प्रश्नांतूनच अमेरिकेंत परिचारिकांच्या शिक्षणाची एक नवी शाखा निघाली. तिकडे या शाखेंत तयार झालेल्या परिचारिकेला ‘फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणतात. आपण तिला कुटुंब-परिचारिका म्हणूं. नेहमींची परिचारिका डॉक्टरच्या सांगण्यावरून शुश्रूषा करते. ही मात्र रोग्यास स्वतः तपासते, रोगाचें निदान करते आणि औषधही लिहून देते. हा अधिकार तिला कोणत्या शिक्षणानें मिळाला, आणि तो देतांना केवढा वाद झाला, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

या इतिहासाचा पूर्वरंग केंटकी संस्थानाच्या डोंगराळ मुलखांत घडला. मेरी ब्रेकिन्‌रिज या बाई १८८१ सालीं एका प्रतिष्ठित घराण्यांत जन्मल्या. त्यांचे आजोबा अमेरिकेचे उपाध्यक्ष होते. बाईंनीं न्यूयॉर्क येथें परिचारिकेचें शिक्षण घेतलें. पुढें त्यांची एक मुलगी जन्मतःच गेली, आणि १९१८ सालीं चार वर्षांचा मुलगाही दगावला. या दुःखानें बाई खचल्या नाहींत; लोकांचीं मुलें जगवावीं या निश्चयानें त्यांनीं कंबर बांधली. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनीं फ्रान्समध्यें सेवा केली, लंडनला जाऊन सुईणपणाचें रीतसर शिक्षण घेतलें, आणि स्कॉटलंडच्या दुर्गम भागांतील आरोग्यव्यवस्था समक्ष पाहिली. १९२५ सालीं त्यांनीं केंटकींतील लेस्ली तालुक्यांत काम सुरू केलें. तेथें धड रस्ते नव्हते. म्हणून परिचारिका घोड्यावर बसून, नदीनाले ओलांडून घरोघर जात. डॉक्टर दूर असल्यामुळें, डॉक्टरांच्या सल्लागार मंडळानें ठरवून दिलेल्या लेखी सूचनांच्या आधारें त्या उपचार करीत. १९२८ सालीं हायडेन गांवीं रुग्णालय उभें राहिलें. १९३९ सालीं युद्ध पेटतांच तेथील इंग्रज परिचारिका मायदेशीं परतूं लागल्या, तेव्हां संस्थेनें स्वतःचेंच सुईणशिक्षणाचें विद्यालय काढलें. गरज आधीं आणि शाळा मागून, हा क्रम येथें स्पष्ट दिसतो.

ब्रेकिन्‌रिजबाई १९६५ च्या मे महिन्यांत निवर्तल्या. त्याच वर्षीं कोलोरॅडो विद्यापीठांत दुसरा अंक सुरू झाला. लोरेटा फोर्ड या बाईंनीं सार्वजनिक आरोग्याच्या परिचारिका म्हणून खेड्यापाड्यांत काम केलें होतें. डॉक्टरांच्या अभावीं मुलांचे किती हाल होतात हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्या साहाय्यानें त्यांनीं एक नवा अभ्यासक्रम आंखला. त्यांत परिचारिकांना मुलांची वाढ तपासणें, छातीचे ठोके ऐकणें, किरकोळ आजार ओळखून त्यांवर उपचार करणें आणि गंभीर आजार वेळींच डॉक्टरकडे धाडणें हें सर्व शिकविलें जाई. कांहीं महिने विद्यापीठांत शिक्षण, आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रत्यक्ष काम, अशी त्याची रचना होती.

या प्रयोगाला कांहीं डॉक्टरांनीं नाकें मुरडलीं, यांत नवल नाहीं. नवल हें कीं, अधिक तीव्र विरोध परिचारिकांच्या शिक्षिकांकडूनच झाला. परिचारिकाशास्त्राच्या नामांकित विदुषी मार्था रॉजर्स यांना हा मार्ग म्हणजे परिचारिकांना स्वधर्मापासून ओढून नेण्याची युक्ति वाटली. परिचारिका डॉक्टरची दुय्यम प्रत झाली तर तिचें स्वतःचें शास्त्र कोठें उरलें, असा हा आक्षेप होता. तो पोकळ नव्हता. फोर्डबाईंचें उत्तर असें कीं, रोग्याला समजून घेणें हेंच परिचारिकेचें मूळ कार्य. नवीं साधनें तें अधिक नेटकें करण्यासाठींच आहेत. परंतु पदव्युत्तर वर्गांचे दरवाजे सहजासहजीं उघडले नाहींत. त्यामुळें प्रारंभींचे पुष्कळसे अभ्यासक्रम पदवीचे न होतां अल्प मुदतीचे, केवळ प्रमाणपत्राचे निघाले.

१९७० सालीं हायडेन येथील ब्रेकिन्‌रिजबाईंच्याच विद्यालयानें संपूर्ण कुटुंबासाठीं परिचारिका तयार करणारा असा प्रमाणपत्र-अभ्यासक्रम देशांत प्रथम सुरू केला. पुढच्याच वर्षीं आयडाहो संस्थानानें परिचारिकेचा निदानाचा आणि उपचाराचा अधिकार कायद्यानें मान्य केला. तरी ही परिचारिका भरंवशाची आहे काय, ही शंका उरलीच होती. तिचें उत्तर कॅनडांतून आलें. आँटारिओ प्रांतांतील बर्लिंग्टन येथें दोन कुटुंब-डॉक्टरांच्या दवाखान्यांत, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें कुटुंबें वांटून, कांहींची जबाबदारी मुख्यत्वें परिचारिकांकडे देण्यांत आली. वर्षअखेर दोन्ही गटांचें आरोग्य सारखेंच आढळलें, आणि शंभरांपैकीं सदुसष्ट भेटींत परिचारिकेला डॉक्टरची मदत लागली नाहीं. मात्र १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अहवालांत एक मौजेची गोष्टही होती. समाजाचा खर्च वांचला, पण परिचारिकेच्या कामाचें बिल मिळत नसल्यामुळें डॉक्टरांना ही पद्धत किफायतशीर ठरली नाहीं! चांगली सुधारणा पुष्कळदां शास्त्राच्या नव्हे, तर जमाखर्चाच्या उंबरठ्यावर अडखळते, तें असें.

अधिकार वाढला तसें शिक्षणही वाढलें. १९९० नंतरच्या दशकांत पदव्युत्तर पदवी हाच रूढ मार्ग झाला. विद्यार्थिनी आधीं पदवीधर व नोंदणीकृत परिचारिका असावी लागते. मग रोगांची उत्पत्ति व परिणाम, शरीरतपासणी आणि औषधिविज्ञान या तीन विषयांचा पाया घातला जातो. त्यावर तान्ह्या मुलापासून वृद्धापर्यंत सर्व वयांच्या रोग्यांची देखरेख शिकविली जाते. अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखालीं रोगी तपासण्याची किमान मर्यादा पूर्वीं ५०० तासांची होती. २०२२ च्या नव्या निकषांनीं ती ७५० तासांवर गेली. शेवटीं राष्ट्रीय परीक्षा असते. २००४ सालीं तेथील परिचारिका-महाविद्यालयांच्या संघटनेनें २०१५ पर्यंत डॉक्टरेटच आवश्यक करावी असा ठराव केला. परंतु ती मुदत उलटून गेली, तरी पदव्युत्तर पदवीचा मार्ग मोकळाच राहिला आहे.

येथें एक विचार मनांत येतो. जी विद्या डोंगरांतल्या आईची निकड भागविण्यासाठीं जन्मली, तिची पायरी फार उंच झाली तर त्या डोंगरांतील मुलीला ती चढतां येईल काय? आणि पायरी फार ठेंगणी ठेवली, तर रोग्याचा जीव कोणाच्या भरंवशावर सोडावयाचा? या दोहोंचा मेळ घालणें हीच खरी कसोटी होय.

आपल्या देशांतही हा प्रश्न आतां परका राहिलेला नाहीं. २०१८ सालीं भारत सरकारनें प्रसूतिसेवेसाठीं परिचारिकांना अठरा महिन्यांचें विशेष शिक्षण देण्याची योजना जाहीर केली. ब्रेकिन्‌रिजबाईंचें कामही प्रसूतीच्या खाटेपासूनच सुरू झालें होतें.

लोरेटा फोर्ड २०२५ च्या जानेवारींत, वयाच्या १०४ व्या वर्षीं निवर्तल्या. ज्या कल्पनेवर त्यांच्याच व्यवसायभगिनींनीं टीका केली, त्या कल्पनेनें घडलेल्या साडेतीन लाखांहून अधिक परिचारिका आपल्या देशांत काम करतांना त्यांना पाहावयास मिळाल्या. अधिकार हा मागून मिळत नाहीं, आणि नुसत्या पदवीनेंही टिकत नाहीं. शिकलेली विद्या रोग्याच्या दारापर्यंत पोंचली म्हणजेच तो खरा ठरतो, हेंच या इतिहासाचें सार आहे.