नाणेसंग्रहाची पहिली पायरी

प्राचीन नाण्यांचा संग्रह हा केवळ धनिकांचा छंद, असा समज आपल्या व्यापारी वर्गात रूढ आहे. वास्तविक, नाणे हा इतिहासाचा अस्सल दस्तऐवज होय. सन १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. पराभूताचे चलन न वितळविता तेच आपल्या नावाने चालविले! व्यापाऱ्याच्या नजरेला यातील काटकसरही दिसते.

नवोदिताने पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांपासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. वजन जेमतेम दोन ग्रॅम. एका बाजूस राजाचे मुख आणि, पुढील काळातील नाण्यांवर, मस्तकामागे शकवर्षाचे अंक. दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा पर्वत व भोवती ब्राह्मी लिपीत राजाचे आणि त्याच्या पित्याचे नाव. ब्राह्मी अक्षरे थोड्या सरावाने ओळखता येतात. मात्र खरेदी विश्वासू जाणकारास दाखवूनच करावी. ओतीव नकलांच्या कडेवर पुष्कळदा सांध्याची रेघ असते.

माझे पहिले नाणे मी चिंच व राख लावून घासले. डाग दिसला की काढायचा, ही आमच्या धंद्यातील सवय! नाणे लख्ख झाले आणि अंक पुसले गेले. वीरदामाचा पुत्र रुद्रसेन, एवढे वाचता येते. त्याने सुमारे दोन दशके राज्य केले. त्यांतील हे वर्ष कोणते, ती जागा माझ्या पाकिटावर कोरीच आहे.