आधी उसवायचे, मग शिवायचे

जिवाणूंना आकार असतो, हे जगाला पहिल्यांदा कळले ते एका कापडाच्या व्यापाऱ्यामुळे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या आन्तोनी व्हान लेव्हेनहूकने दातांवर साचलेला पांढरा थर स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला आणि त्यातली वळवळ पाहिली. १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून त्याने ती कळवली. काही जीव काडीसारखे, काही गोल, काही मळसूत्रासारखे. पण हे आकार त्यांना देतो कोण, हे कळायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षे जावी लागली.

मी कवितेत रमणारा माणूस. बी.ए. झाल्यावर विज्ञानाचे पुस्तक क्वचितच उघडले. पण ही हकिकत वाचनात आली आणि मनातून जाईना. कारण ती भिंतीची गोष्ट आहे, आणि भिंत बांधणाऱ्यांइतकीच भिंत कापणाऱ्यांचीही आहे.

यातला पहिला कापणारा सापडला तो अलेक्झांडर फ्लेमिंगला. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९२१ साली त्याने सर्दीने वाहणाऱ्या नाकातला थेंब जिवाणूंवर टाकला, तर जिवाणू विरघळून गेले. तोच गुण अश्रूंतही निघाला. मग काय, फ्लेमिंग सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळून अश्रू गोळा करू लागला! या द्रव्याला त्याने ‘लायसोझाइम’ नाव दिले. हे एक विकर, म्हणजे एन्झाइम. शरीरातली रासायनिक कामे घडवून आणणारे प्रथिन. सात वर्षांनी, १९२८मध्ये, त्याच फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडले. दोन्ही शोधांचे नाते जिवाणूच्या भिंतीशी आहे, हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

ही भिंत असते कशी? साखरेच्या रेणूंचे लांब धागे आणि त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे छोटे टाके. असे जाळे जिवाणूला सगळीकडून वेढून असते. १९६४मध्ये जर्मनीतल्या वायडेल आणि पेल्झर या शास्त्रज्ञांनी मांडले, की ही सगळी पिशवी म्हणजे एकच अखंड रेणू आहे. जिवाणूच्या आतले सारे काढून टाकले, तरी रिकामी पिशवी काडीच्या आकाराचीच राहते. म्हणजे आकार त्या पिशवीत आहे.

पुढच्याच वर्षी, १९६५मध्ये, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमची रचना उलगडली. कोणत्याही विकराची अशी रचना जगाला प्रथमच दिसत होती. १२९ अमिनो आम्लांची माळ गुंडाळून झालेला तो गोळा, आणि त्याच्या अंगावर एक खाच. भिंतीचा साखरधागा नेमका त्या खाचेत बसतो आणि तिथेच कापला जातो. लुईझ जॉन्सन या तरुण संशोधिकेने ते दाखवले. कात्रीचे पाते कुठे आहे, हे माणसाने असे पाहिले.

आता बांधणाऱ्यांकडे वळू. जोशुआ लेडरबर्गने १९५६मध्येच दाखवले होते, की साखरेच्या दाट द्रावणात ठेवलेल्या काडीसारख्या जिवाणूंना पेनिसिलिन दिले, तर ते गोल फुगे होतात. पेनिसिलिन भिंत विणणाऱ्या विकरांना जाऊन चिकटते आणि त्यांचे काम थांबवते. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून औषधाचा घाव जिवाणूवर पडतो, आपण वाचतो. १९७५मध्ये ब्रायन स्प्रॅट यांनी या विणकरांची कामे वेगवेगळी करून दाखवली. एक अडवला तर काडीचा गोळा होतो. दुसरा अडवला तर जिवाणू लांबतच जातो, त्याचे दोन होत नाहीत. आकार हा जिवाणूच्या कपाळी लिहिलेला नव्हे. क्षणोक्षणी चाललेले ते काम आहे.

मग कापणारे जिवाणूच्या स्वतःच्या घरात कशाला? आमच्या घरी ईदच्या आधी अम्मी धाकट्या भावाचा सदरा सैल करायला बसायची. आधी शिवण उसवायची, आत ठेवलेली माया मोकळी करायची, मग पुन्हा टाके. उसवल्याशिवाय सदरा वाढत नाही. जिवाणूचेही तेच. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत मंजुळा रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये ई. कोलाय या जिवाणूतली टाके उसवणारी तीन विकरे दाखवली. तिन्ही नसतील तर जिवाणू वाढू शकत नाही, मरतो. भिंतीवरच्या या कामासाठी रेड्डी यांना २०१९चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

पोटात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टरचा पीळही अशाच उसवण्यातून येतो. हा जिवाणू शोधल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या वॉरन आणि मार्शल यांना २००५मध्ये नोबेल मिळाले. २०१०मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या नीना सलामा यांच्या गटाने त्याची उसवणारी काही विकरे काढून टाकली. पीळ गेला, आणि तसा जिवाणू उंदरांच्या जठरात नीट वस्ती करू शकेना.

हे सगळे केवळ कुतूहल नाही. १९६१मध्येच इंग्लंडमध्ये मेथिसिलिनला न जुमानणारे जिवाणू आढळले होते. त्यांच्याजवळ औषध ज्याला नीट चिकटत नाही असा एक वेगळाच विणकर आहे. असे हट्टी जिवाणू आज आपल्याही रुग्णालयांत आहेत. म्हणून शास्त्रज्ञ आता नवे विणकर आणि नव्या कात्र्या न्याहाळत आहेत. २०१८मध्ये रॉड-ए या आणखी एका विणकराची रचना उलगडली. कात्री आणि सुई यांचा ताल बिघडवता आला, तर नवे औषध मिळू शकेल.

तोवर हाताशी आहेत ती औषधे जपणे आपल्या हाती आहे. साध्या सर्दीसाठी दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणून घेऊ नये. सर्दी बहुधा विषाणूंची असते, आणि विषाणूंना ही भिंत नसतेच. उसवायला तिथे काहीच नाही. उसवते ती आपल्याच औषधाची ताकद.