मानवेलाची काठी

दिवाळीत आर्णीला मामांकडे गेलो होतो. बरोबर ऑनलाईन मागवलेली कार्बन फायबरची गळकाठी होती. किंमत सांगत नाही, बायको हा ब्लॉग वाचते. सवयीप्रमाणे आधी एक्सेल शीट केली, सहा मॉडेल्सची तुलना केली आणि त्यातली सगळ्यात ताठ काठी निवडली. लॉजिक साधं होतं: मोठा मासा लागला तर काठी भक्कम हवी!

अरुणावतीच्या काठावर पहिल्याच तासात रोहू लागला. मी दिला जोरात हिसका. तंगुसाचा दोरा तटकन तुटला आणि मासा गळ घेऊन गेला. शेजारी बसलेले मामा शांतपणे म्हणाले, "मासा पकडून राह्यला का झाड उपटून राह्यला, बाप्पा?"

त्यांच्याकडे शेताच्या धुऱ्यावरच्या बांबूची काठी. रीळ नाही, काही नाही. शेंड्याला दोरा बांधलेला, तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, गळाला नाकतोडा. थोड्या वेळाने त्यांनाही अर्धा किलोचा रोहू लागला. काठी धनुष्यासारखी वाकली आणि वाकलेलीच राहिली. मासा इकडे पळाला, तिकडे पळाला, दमला आणि मुकाट्याने बाहेर आला.

पुण्याला परतल्यावर दोन वीकेंड या एकाच प्रश्नात गेले: काठी निवडायची कशी, आणि हे माणसाला कळलं कधी?

आपल्याकडची सगळ्यात जुनी नोंद शोधताना मी थेट बाराव्या शतकात पोचलो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीवाल्यांना तो माहीत असतो तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे. पण त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचा एक भाग आहे. माशांचे प्रकार, कोणत्या माशाला काय खायला घालायचं, गळाने तो कसा धरायचा, असं सगळं त्यात आहे. राजाने हौस म्हणून लिहिलंय हे खरं. पण ही माहिती राजाला कोणी दिली असेल? नदीकाठच्या कोळ्या-भोयांशिवाय आणखी कोण देणार! त्यांची नावं अर्थातच ग्रंथात नाहीत. 1951 मध्ये सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने या भागावर लेख लिहिला, तेव्हा कुठे तो अभ्यासकांच्या नजरेत आला.

इंग्लंडात गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक आलं 1496 मध्ये, म्हणजे सोमेश्वरानंतर साडेतीनशेहून जास्त वर्षांनी. त्यात काठी बनवायची चक्क रेसिपी आहे. सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत हेझल किंवा विलोची काठी तोडा, गरम भट्टीत शेकून सरळ करा, मग महिनाभर वाळवा. हे वाचून मी उडालोच. कारण मामांची पद्धत हीच! पावसाळ्यात बांबू तोडायचा नाही, दिवाळीनंतर वद्य पक्षात तोडायचा, नाहीतर भुंगा लागतो. मग तेलाचा हात फिरवून चुलीच्या आचेवर शेकायचा आणि सरळ करायचा. मामांनी 1496 चं पुस्तक वाचलेलं नाही, आणि त्या पुस्तकाच्या कर्त्याने आर्णी पाहिलेली नाही. (वद्य पक्षाचं मला माहीत नाही, पण पावसाळ्यानंतर बांबूतली साखर आणि स्टार्च कमी होतो, म्हणून कीड कमी लागते, हे खरं आहे.)

पुढे 1653 मध्ये आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध पुस्तक आलं. त्यात चब नावाच्या नदीतल्या माशावर एक प्रकरण आहे. चब म्हणजे आपल्या रोहूचा लांबचा भाऊबंद. महा भित्रा, सावली पडली तरी खाली जातो. वॉल्टनचा सल्ला काय, तर झाडाआड लपा आणि गळाला नाकतोडा लावा. पुन्हा मामा!

पण खरी गंमत पुढे आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठ्या करायला सुरुवात झाली. पेनसिल्व्हेनियात सॅम्युअल फिलिपी, मग मेनमध्ये हायरम लेनर्ड. हा बांबू यायचा कलकत्ता बंदरातून, म्हणून त्याचं नाव 'कलकत्ता केन'. त्यावर जळल्याचे डाग असायचे. एक कारण असं सांगतात की आपल्याकडची माणसं तो आगीवर शेकून सरळ करायची. जाणकार या बांबूची जात सांगतात डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. मराठीत काय म्हणतात त्याला? मानवेल. विदर्भातल्या जंगलात सर्रास मिळणारा, जवळजवळ भरीव बांबू. मामांच्या धुऱ्यावरचा तोच.

विसाव्या शतकात चीनच्या टोंकिन बांबूने कलकत्त्याला मागे टाकलं. 1950 मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, टोंकिन मिळेना, आणि तोवर बाजारात आलेल्या फायबरग्लासचं फावलं. 1973 च्या सुमारास कार्बन फायबर आलं. तिथून माझ्या एक्सेल शीटपर्यंत.

तर काठी निवडायची कशी? आमच्या भाषेत सांगायचं तर काठी म्हणजे बफर. एका बाजूला माशाचा अचानक झटका, दुसऱ्या बाजूला ठरावीक ताण सोसणारा दोरा. मधली काठी वाकून झटका पोटात घेते. ती वाकली नाही तर सगळा भार दोऱ्यावर, नाहीतर माशाच्या मऊ ओठावर. म्हणून आधी मासा बघायचा, मग त्याला पुरेल इतका दोरा, आणि मग त्या दोऱ्याच्या आधी वाकेल अशी काठी. मी नेमकं उलटं केलं होतं. दोष कार्बनचा नाही. मऊ शेंड्याच्या कार्बन काठ्याही मिळतात, मीच ताठ घेतली.

हे मामांना फोनवर सांगितलं. अमेरिका, कलकत्ता, बाराशे वर्षांपूर्वी नाही हो, बाराव्या शतकातला राजा, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पुस्तकात काठी कोण्या गाठीपासून तोडाची, हे लिवलं हाय का?"

नव्हतं. मी वाचलेल्या कशातच नव्हतं. मामांना मात्र माहीत आहे, आणि आजवर कोणी त्यांना विचारलेलं नाही. त्यांचा मुलगा नागपूरला बँकेत आहे, मी इथे लॅपटॉपसमोर.

माझ्यासाठी त्यांनी एक मानवेल तोडून सावलीत वाळत ठेवलाय. होळीला जातोय. या वेळी एक्सेल शीट नाही, वही नेणार आहे.