खेळाडूंमधील हृदयताल : स्मार्टफोनद्वारे नोंद

स्मार्टफोनशी जोडलेल्या, खिशात मावणाऱ्या उपकरणाने खेळाडूचा ईसीजी म्हणजेच हृदयाच्या विद्युत्-क्रियेचा आलेख घेण्याची पद्धत. सरावात अचानक धडधड सुरू होते आणि खेळाडू रुग्णालयात पोहोचेपर्यंत ताल पूर्ववत होतो. असा क्षणिक बिघाड जागेवरच टिपणे, हा या पद्धतीचा मुख्य उपयोग होय.

विकास : ईसीजीचे तंत्र विकसित केल्याबद्दल डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांना 1924 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अलाइव्हकोर कंपनीच्या आयफोनला जोडायच्या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2012 मध्ये मान्यता दिली. 2018 मध्ये ॲपलच्या मनगटी घड्याळात ही सोय आली.

कार्यपद्धती : खेळाडू थांबून बसतो आणि उपकरणाच्या पट्टीवरील दोन धातूच्या पृष्ठभागांवर दोन्ही हातांची बोटे 30 सेकंद टेकवतो. त्यातून एका लीडचा, म्हणजे हृदयाच्या विद्युत्-क्रियेची एकाच दिशेने नोंद करणारा, आलेख मिळतो. सहा लीडच्या उपकरणात मागची बाजू डाव्या गुडघ्याला किंवा घोट्याला लावतात. ओली बोटे किंवा स्नायूंची हालचाल यांमुळे आलेख बिघडतो. म्हणून धावताना नोंद घेता येत नाही.

आलेखाचा अर्थ : दीर्घकाळ दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांचे विश्रांतीतील ठोके मिनिटाला 40 ते 50 असू शकतात. हा बहुधा सरावाचा स्वाभाविक परिणाम असतो. फोनवरील ॲप मात्र त्याला मंद ताल ठरवू शकते किंवा निष्कर्ष देत नाही. याउलट, वर्षानुवर्षे अतिदीर्घ सराव करणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण वाढलेले आढळते. हा अनियमित ताल ओळखण्यात ही उपकरणे विशेष उपयोगी पडतात.

मर्यादा : हृदयस्नायूची अतिवाढ, दीर्घ क्यूटी (ईसीजीतील क्यूटी अंतर लांबणे) यांसारखे आनुवंशिक विकार तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूस कारणीभूत ठरतात. त्यांच्या तपासणीसाठी 12 लीडचा ईसीजी आणि गरजेनुसार इकोकार्डिओग्राफी (ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी) लागते. इटलीत स्पर्धात्मक खेळाडूंच्या सक्तीच्या तपासणीत 1982 पासून ईसीजी समाविष्ट आहे. डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन 12 जून 2021 रोजी कोपनहेगनमध्ये सामना चालू असताना हृदय थांबून कोसळला. छातीदाब आणि डिफिब्रिलेटर या यंत्राचा विद्युत्-झटका यांमुळे तो वाचला. फोनवरील उपकरण अशा प्रसंगी उपचार करू शकत नाही. खेळताना शुद्ध हरपल्यास किंवा कुटुंबात अकाली हृदयमृत्यू झालेला असल्यास, फोनवरील आलेख सामान्य दिसला तरी हृदयरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.